डिप्रेशनला कारण असावंच लागतं का? दादाच्या उपचारांचा क्रम

राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचं घर. दादा पंचेचाळिशीचा, हापूसची कलमं आणि थोडी भातशेती सांभाळतो. जुलै २०२४ च्या अखेरीस लावणी आटोपली आणि त्यानंतर तो गप्प होत गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याची शेवटची गोळी बंद झाली. मधल्या काळात काय काय करावं लागलं, कुठे थांबावं लागलं, खर्च किती आला, हे क्रमाने लिहिते आहे. सुरुवातीला आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि जो भेटेल तो एकच विचारत होता, "पण झालं कशामुळे?" दादाने हे वाचून मगच टाकायला सांगितलं. नाव-गाव त्याच्याच सांगण्यावरून गाळलं आहे.

पहिली लक्षणं रडण्याची किंवा दुःखाची नव्हतीच. पहाटे तीनला जाग यायची, नंतर झोप नाही. सकाळ सगळ्यात वाईट, दिवेलागणीला जरा बरं. बांगडा तळल्याचा वास आला की हाक मारायच्या आधी पाटावर बसणारा माणूस पेजेची अर्धी वाटी सरकवून उठायला लागला. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. चालणं-बोलणं मंदावलं. फोन वाजला की स्क्रीनकडे नुसता बघत राहायचा. "वाईट वाटतंय" असं तो एकदाही म्हणाला नाही. "काहीच वाटत नाही," असं म्हणायचा. आम्ही ते पावसाळ्याच्या कंटाळ्यावर ढकललं. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं निघालं.

निदानासाठी डॉक्टर काय बघतात ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मन उदास राहणं किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक तरी असावं लागतं. त्याच्या जोडीला झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचालींचा मंदपणा किंवा तगमग, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ, आणि त्यामुळे रोजचं काम अडलेलं. शरीराचा दुसरा आजार, एखादं औषध किंवा व्यसन यामुळे हे होत नाही ना, ते वेगळं तपासतात. आयुष्यात काहीतरी वाईट घडलेलं असावं, अशी अट या यादीत कुठेच नाही.

घरात मात्र शोध चालू होता तो नेमका त्याचाच. ७ सप्टेंबरला गणपती आले, मुंबईहून चाकरमानी आले आणि प्रत्येकाने आपापलं कारण आणलं. कर्ज झालंय का? नव्हतं. जमिनीचा दावा? नाही. आंबा पडला? २०२४ चा हंगाम वाईट नव्हता. मग कोणाची तरी करणी असेल. मग मुलगा शिकायला पुण्याला गेला म्हणून असेल. यांतलं एकही लागू पडेना, तेव्हा बोट वहिनीकडे वळलं: नवरा-बायकोचं काही बिनसलंय का? कारण सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला की शेवटी ते घरातल्याच कोणाच्या तरी माथी मारलं जातं. आजारी माणूसही त्याला बळी पडतो. स्वतःला दोष देणं हे मुळात लक्षणच असल्यामुळे दादा वीस वर्षांपूर्वीचं काहीबाही उकरून "त्याचीच ही फळं" असं म्हणायला लागला होता.

देवळात गाऱ्हाणं घातलं, गुरवांनी कौल लावला. त्यात मला काही वावगं वाटत नाही. चार माणसं आपल्यासाठी उभी आहेत, एवढं तरी दादाला दिसलं. कौल आणि डॉक्टर यांचं भांडण लावू नका. फक्त "आधी हे होऊ दे, मग ते बघू" असं करत महिने घालवू नका.

विसर्जनानंतर गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली भरून घेतली. पीएचक्यू-९ म्हणतात तिला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून जास्त, विसापासून तीव्र. दादाचे १९ आले. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, पण पुढे सुधारणा मोजायला तिचा फार उपयोग झाला. त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा तारखेसह लिहून ठेवा.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, किडनी आणि लिव्हर. खाजगी लॅबमध्ये सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास गेले. सरकारी दवाखान्यात यातल्या बऱ्याच तपासण्या होतात, रिपोर्टला वेळ लागू शकतो एवढंच. थायरॉइड मंदावला तर थकवा, सुस्ती, उदासी हे सगळं हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं, आणि तसं असेल तर औषध थायरॉइडचं द्यावं लागतं. दादा कोणती औषधं घेतो तेही डॉक्टरांनी नीट विचारलं. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी मन बिघडतं. त्यामुळे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गावठी औषध चालू असेल तर तेही. दारूचं विचारतील तेव्हा खरं सांगा. दारूनेच मन खचलेलं असेल तर उपचारांची सुरुवात तिथून होते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात निराशाच पसरली. "काही निघालं नाही" याचा अर्थ लोकांनी "काही झालेलंच नाही" असा लावला, आणि तिथून "मनावर घेतलं तर उठेल" इथवर मजल गेली. डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे थायरॉइड नाही, अ‍ॅनिमिया नाही, एवढंच. डिप्रेशन रक्तात दिसत नाही. ते नाही असं हा कागद म्हणत नाही." त्यांनी रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या अशा चार मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी ते एक, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. त्या नावाचा धसका आमच्याकडे अजून आहे, तिकडे नेलं की आतच ठेवतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. मानसोपचाराचे बहुतेक पेशंट ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. दादाची पहिली अट हीच होती, गावात कळता कामा नये. ती पाळता येते हे कळल्यावर तो तयार झाला.

२३ सप्टेंबर, सोमवार. राजापूरहून पहाटेची एसटी, लांजा, पाली, हातखंबा करत दोन तास, महामार्गाचं काम असेल तर जास्त. वहिनीला अर्धं तिकीट, दोघांचं जाऊन-येऊन तीनशेच्या घरात. सरकारी ओपीडीत जायचं तर नऊच्या आत खिडकीवर पोचा आणि जमलं तर सोमवार टाळा, सुट्टीनंतरची गर्दी असते. आधारकार्ड, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक साधी वही बरोबर ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाचे नियम वेगळे असू शकतात, ते खिडकीवर विचारून घ्या. नंबर यायला दुपारचे बारा वाजले. सकाळची वेळच दादाला सगळ्यात जड जायची, म्हणून वहिनीने नंबर लावून त्याला बाहेर झाडाखाली बाकावर बसवलं. डब्यात पेज नेली होती. उपाशी पोटी ताटकळत बसणं अशा माणसाला सोसवत नाही.

पहिली मुलाखत पाऊण तास चालली. आधी एकट्या दादाशी, मग वहिनीशी, मग दोघांशी. झोप, भूक, वजन, काम, दारू, तंबाखू. पूर्वी असं कधी झालं होतं का. रक्ताच्या नात्यात कोणाला. तेव्हा कळलं की आमचे एक चुलत आजोबा मधूनमधून महिनोन्महिने बोलत नसत. घरात ते "तऱ्हेवाईक" म्हणून प्रसिद्ध होते. मग एक प्रश्न आला, जो आम्हाला विषयाबाहेरचा वाटला: कधी याच्या उलट झालं होतं का, चार-पाच दिवस झोप नाही तरी भरपूर उत्साह, भराभर बोलणं, उधळपट्टी? तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर माणूस दुसऱ्या टोकाला जाण्याची भीती असते. लाजून लपवू नका. या उत्तराने औषध बदलतं.

आणि सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का? काही ठरवलंय का?" वहिनी दचकली. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असं मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. दादा म्हणाला, "झोपेतून उठूच नये असं वाटतं. ठरवलेलं काही नाही." हे त्याने घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

मग वहिनीने तो प्रश्न विचारलाच: कशामुळे झालं?

मॅडमचं उत्तर मी शक्य तेवढं त्यांच्याच क्रमाने देते. पूर्वी डिप्रेशनचे दोन कप्पे करायचे, बाहेरच्या घटनेने आलेलं आणि आतून उगवलेलं. पण प्रत्यक्षात पेशंट असे नीट वेगळे पाडता येत नाहीत, आणि घटना सापडली की नाही यावरून औषध लागू पडेल की नाही हेही नीट सांगता येत नाही. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेने कारणाऐवजी लक्षणांवर निदान ठेवलं आणि तीच पद्धत रुजली. घटनांचा संबंध नसतो असं नाही. पहिल्या खेपेला बऱ्याच जणांच्या बाबतीत आधी काहीतरी घडलेलं असतं, मृत्यू, नोकरी जाणं, घर फुटणं. पुढच्या खेपांना हा संबंध सैल होत जातो, आजार किरकोळ गोष्टीवरून किंवा काहीच न घडताही येतो. आणि काही जणांच्या पहिल्या खेपेलाही काहीच सापडत नाही. दादा त्यांतला.

अनुवंशाचंही त्यांनी सांगितलं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांचा २००० साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अनुवंशाचा वाटा साधारण ३७ टक्के निघाला. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. दादाच्या आजाराचा ३७ टक्के भाग आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. "मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं" हे जे सगळीकडे ऐकायला मिळतं, तेही इतकं सोपं नाही. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात त्याला सातत्याने पुरावा मिळाला नाही. गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात हे चाचण्यांत दिसतं, त्या नेमक्या कशा काम करतात हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. डोकं दुखल्यावर पॅरासिटामॉलने थांबलं म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी होतं असं कोणी म्हणत नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनीला हे एकदम पटलं.

माझं स्वतःचं मत यातूनच बनलं. उपचार बदलणारं कारण असेल तेवढं कसून शोधावं: थायरॉइड, औषधं, दारू, बायपोलर, बाळंतपण, घरातली मारहाण, डोक्यावरचं कर्ज. ते नसेल तर शोध थांबवावा आणि उपचार सुरू करावेत. पाऊस हेही कारण म्हणून आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. त्याच ऋतूत येऊन त्याच सुमाराला जाणारं डिप्रेशन असतं, पण तसं म्हणायला ते लागोपाठ किमान दोन वर्षं दिसावं लागतं. एका पावसावरून ठरत नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त घातक वाटते. कारण दिसत असलं की लोक उपचारच नाकारतात. नवरा गेलेल्या बाईला सहा महिने झोप नाही, अन्न नाही, जगावंसं वाटत नाही, आणि वाडी म्हणते, "दुःखच तेवढं आहे, होणारच." शोकाला वेळ द्यावा हे खरं. पण शोक भरतीसारखा येतो-जातो आणि मधल्या वेळात माणूस नातवंडाकडे बघून हसतो. डिप्रेशनमध्ये तो मधला वेळच नाहीसा होतो. २०१३ च्या डीएसएम-५ ने म्हणूनच जवळच्याच्या मृत्यूनंतरचे दोन महिने निदानातून वगळण्याचा जुना नियम काढून टाकला. पाय कशावर घसरला हे ठाऊक असो-नसो, मोडलेलं हाड बसवावंच लागतं.

औषध सुरू झालं ते एस्सिटालोप्राम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०, सकाळी न्याहारीनंतर. झोपेसाठी क्लोनाझेपामची अगदी कमी मात्रा, फक्त दोन आठवडे. तिची सवय लागते, म्हणून तारीख घालूनच दिली होती. गोळ्या ओपीडीतून मिळाल्या. एकदा साठा नव्हता तेव्हा जनऔषधी दुकानातून घेतल्या, जेनेरिक घेतल्याने महिन्याचा खर्च शंभरच्या आत राहिला. दुकानात चिठ्ठी दाखवावीच लागते, त्यामुळे तिचा फोटो फोनमध्ये असू द्या.

पहिले आठ-दहा दिवस अवघड असतात. मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं, अस्वस्थपणा. त्रास आधी, गुण नंतर असा हा क्रम आहे आणि निम्मे लोक तिथेच गोळ्या फेकून देत असावेत. बहुतेकांची मळमळ आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा. लैंगिक इच्छा कमी होणं हा परिणाम बऱ्याच पुरुषांना आणि बायकांनाही होतो, पण ते कोणी सांगत नाही आणि परस्पर गोळी सोडून देतात. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. बागेत पेट्या उचलून पाठ दुखली की आपण डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. या गोळ्यांबरोबर ते घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, तिथे घरच्यांचं लक्ष हवंच.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, ते प्रत्येक बागायतदाराच्या घरी सांगण्यासारखं आहे. फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली पेशंटकडे नको. अंगात बळ आधी येतं आणि मनातली निराशा मागाहून जाते, त्या मधल्या दिवसांत जास्त जपावं लागतं. वहिनीने त्याच संध्याकाळी सगळे डबे शेजारच्या काकांच्या मांगरात हलवले आणि मोहराच्या फवारण्या त्या वर्षी गड्यांनी केल्या. रात्री-अपरात्री विचारायला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. परतीच्या पावसात एसटी बंद होती तेव्हा वहिनीने तिथे फोन करून चुकलेल्या गोळीचं विचारलं. आठवलं की घ्या, पण दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको, असं उत्तर मिळालं.

गोळीच्या जोडीला समुपदेशकांनी एक काम दिलं. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने गावच्या आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा असा कार्यक्रम करून घेतला होता, आणि त्याचा उपयोग झाल्याचं २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सूत्र असं, की मन लागण्याची वाट बघायची नाही, काम छोटं करून वेळेवर करायचं, मन मागून येतं. दादाच्या वहीत पहिल्या आठवड्यात फक्त दोन ओळी होत्या: सकाळी सातला खळ्यात दहा मिनिटं चालणं, संध्याकाळी गाईला पाणी. पुढे कलमांखालचं गवत, रोज एकाच झाडाचं. प्रत्येक कामापुढे शून्य ते दहा असा आकडा, किती बरं वाटलं त्याचा. सुरुवातीला ओळीने शून्य आणि एक. काम झेपेना तर ते निम्मं करायचं, रद्द करायचं नाही. घरच्यांनी "आज काय केलंस?" अशी उलटतपासणी घेऊ नये. बरोबर चालावं, एवढं पुरतं.

७ ऑक्टोबरला पुन्हा दाखवलं तेव्हा झोप पाच तासांवर आली होती, बाकी दादाच्या मते "काही फरक नाही". फरक आधी बाहेरच्यांना दिसतो. ४ नोव्हेंबरला, सहा आठवड्यांनी, प्रश्नावलीचे गुण १९ वरून ११ झाले. अर्धवट गुण आला की मात्रा बदलायची ही वेळ, म्हणून १५ मिलिग्रॅम. ९ डिसेंबरला ७. जानेवारीच्या मध्यावर ४, आणि दादा मोहर धरलेल्या फांद्या स्वतःहून मोजून आला.

खरी घसरगुंडी इथे असते. मार्चमध्ये शिमग्याला पालखी खांद्यावर घेतल्यावर सगळ्यांचं एकच, "आता बरा झालास, कशाला गोळ्या?" पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता बरीच असते. पूर्वी दोन-तीनदा येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. पुढचा पावसाळा सुखरूप जाऊ दे, मग कमी करू, असं मॅडमनी ठरवलं. मधल्या काळात दोन-दोन महिन्यांनी एक खेप, एवढंच काम होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ वरून १०, चार आठवड्यांनी ५, आणखी चार आठवडे ५, मग बंद. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. तो आजार परतल्याचा पुरावा नसतो, पण माणूस घाबरतो. दादाला १० वरून ५ वर येताना चार-पाच दिवस हलकी चक्कर आली, तेवढ्यावर निभावलं. आता त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी आहेत: पहाटे तीनला जाग सलग आठवडाभर, जेवण निम्मं, फोन न उचलणं. यांतल्या दोन गोष्टी दिसल्या की काय घडलं-बिघडलं ते न शोधता ओपीडीचा नंबर लावायचा, असं त्याने आणि वहिनीने मिळून ठरवलं आहे. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.